ताईंची बरोबरची खूण

खोकं हत्तीएवढं आणि माल मुंगीएवढा, असं कुठे बघायचं असेल तर ते आमच्या भांडारात बघावं. संशोधन संस्थेचा भांडारपाल म्हणून मी एकोणीस वर्षं काढली. थर्माकोलची खोकी यायची, झाकण उघडलं की कोरड्या बर्फाचा धूर टेबलावरून खाली उतरायचा, आणि त्या बर्फाच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. कुपीत काय, तर डोळ्यांना काहीच नाही. पहिल्यांदा असं खोकं आलं तेव्हा मी कुपी उजेडाकडे धरून पाहिली आणि पुरवठादाराला फोन लावायला निघालो, की बाबा, रिकामीच पाठवलीत.

माझ्या हातून ती कुपी काढून घेतली ताईंनी.

"रिकामी नाहीये हो भांडारवाले. तळाशी पूड आहे. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

ताई पेशीसंवर्धन विभागात तंत्रज्ञ होत्या. बुटक्या, सडपातळ, चष्म्याला काळा दोरा, आणि चालणं असं की मागून कधी आल्या ते कळू नये. माणसाच्या शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत जिवंत ठेवायच्या आणि वाढवायच्या, हे त्यांचं काम. या पेशींना गुलाबी रंगाचं पोषक द्रव लागतं, अंगाइतकी ऊब लागते, आणि त्यावर 'आता वाढा' असा निरोप देणारं कुणीतरी लागतं. शरीरात हा निरोप देतात वाढघटक नावाची प्रथिनं. बाटलीत तो आपण द्यायचा. कुपीत असायचा तो हाच, मानवी वाढघटक. मानवी म्हणजे कुणाच्या रक्तातून काढलेला नव्हे. तो कसा बनवायचा हे सांगणारं माणसाचं जनुक जिवाणूंमध्ये घालतात आणि जिवाणू तो बनवून देतात. ताई म्हणायच्या, "पाककृती आपली, आचारी भाड्याचा."

ही गोष्ट घडली तोवर त्यांनी चोवीस वर्षं हे काम केलं होतं आणि त्यांच्या हातची बाटली बिघडली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. नवी संशोधक मंडळी यायची, पदव्या घेऊन जायची; ताई तिथेच. विभागप्रमुख मॅडम सगळ्यांदेखत म्हणायच्या, "यंत्रावर शंका घ्या, माझ्यावर घ्या. ताईंवर शेवटी घ्या." तेव्हा ते कौतुक होतं. पुढे याच कौतुकानं ताईंचा जीव नकोसा केला.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी ताईंना पंचावन्न पुरी झाली होती. हा आकडा त्यांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता, कारण त्यांची आई छप्पनाव्या वर्षी विसरायला लागली होती. आई कपडे शिवायची. हात इतका बसलेला की बोलता बोलता बाही लावायची. एक दिवस तिनं एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. घरातले सगळे हसले, आईही हसली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आता आई ताईंच्या दादाकडे असायची, शेजारच्या गावी. ताईंना ती कधी "मावशी" म्हणायची, कधी "अहो, तुम्ही कोण?"

त्यामुळे चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, तर दुसरी कुणी हसली असती. ताईंना मात्र आईचा तो झगा आठवायचा.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. दणकट माणूस, हातांना कायम वंगणाचा वास, आणि प्रत्येक गोष्टीवर एक तोडगा तयार. ताई म्हणाल्या, "अहो, मी आज परत किल्ली विसरले," की हे म्हणायचे, "अगं, माझ्या लिफ्टसुद्धा कधीमधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. म्हणून काय इमारत पाडतात?" ताई हसायच्या. हसून झाल्यावर परत मोजायच्या, या महिन्यात किती वेळा झालं ते.

त्या वेळी विभागात एक संशोधक मुलगी होती, चौथ्या वर्षाला. तिला सगळे वादळ म्हणायचे. दार ढकलून यायची, उभ्यानं चहा प्यायची, आणि तिचा आवाज जिन्यातूनच ऐकू यायचा. डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली तर ती कशी भरते, हा तिचा विषय. त्यासाठी लागणाऱ्या पेशी मिळाल्या होत्या कुणीतरी मरणोत्तर दान केलेल्या एका डोळ्यातून. त्या पेशींच्या तीन बाटल्या उबेच्या कपाटात वाढत होत्या आणि दोन नळ्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या होत्या. एवढंच. तसा दुसरा डोळा मागून मिळत नाही.

वाढघटकाची नवी कुपी आली ती एका सोमवारी. मीच वर पाठवली. मंगळवारी सकाळी ताई ती विरघळवायला बसल्या. यात एक मेख होती. जुन्या कुपीत प्रथिनाबरोबर अल्ब्युमिन नावाचं दुसरं, साधं प्रथिन आधीच मिसळलेलं यायचं. तो माल बंद झाला होता. नव्या कुपीत नुसता वाढघटक, अल्ब्युमिन आपण घालायचं. का, तर वाढघटक इतका थोडा असतो की नळीच्या प्लास्टिकला चिकटूनच संपून जातो. अल्ब्युमिन भरपूर असतं. ते भिंतीवरच्या सगळ्या जागा आधी अडवून बसतं आणि आपला मौल्यवान माल पाण्यात मोकळा राहतो. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. ताईंनी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, तांबड्या पेनानं खाली रेघ मारली.

मग कुपी यंत्रात फिरवली, म्हणजे झाकणाला लागलेली पूड तळाशी यावी. द्रव घातलं. फेस होऊ नये म्हणून हलवलं नाही, नुसतं कलतं करून फिरवलं. अल्ब्युमिनची बाटली फ्रिजमधून काढून शेजारी ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"आई घरात नाहीये गं. दार उघडं होतं. तासभर झाला. मी स्टँडवर बघितलं, बाजारात बघितलं..."

"शेजारी विचारलंस?"

"सगळीकडे विचारलं. तिच्या पायात चप्पलसुद्धा नाही."

ताई उभ्याच राहिल्या. फोन ठेवून त्यांनी हातमोजे बदलले, कारण काम उघडं टाकून जाता येत नाही. वीस चिमुकल्या नळ्यांत द्रव वाटलं, नळ्यांवर तारीख घातली, उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटात ठेवल्या आणि पाच मिनिटांत बाहेर पडल्या. आई सापडली दुपारी, एका शाळेच्या पायरीवर. मुलीला घ्यायला आले, म्हणत होती. तिची मुलगी समोर उभी होती.

बुधवारपासून वादळ तो नवा वाढघटक वापरायला लागली. शनिवारपर्यंत काही कळलं नाही. सोमवारी तिनं सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "ताई, जरा बघता? मला हे बरं वाटत नाहीये."

ताईंनी पाहिलं. त्या पेशी चांगल्या असल्या की फरशी बसवल्यासारख्या एकमेकींना लागून दिसतात. आता त्या दूर दूर, पसरट, थकलेल्या दिसत होत्या. मेलेल्या नव्हत्या, पण वाढत नव्हत्या. निरोपच मिळाला नसावा तशा.

निरोप. हा शब्द मनात आला आणि त्यापाठोपाठ प्रश्न. अल्ब्युमिन घातलं होतं का?

त्या आठवू लागल्या. पत्रक आठवलं, तांबडी रेघ आठवली, फ्रिजमधून काढलेली गार बाटली तळहाताला लागलेली आठवली. मग फोन. मग नळ्या. मधलं काही नाही. पाटी कोरी. घातलं नाही असंही आठवेना, घातलं असंही आठवेना.

दुपारी खोलीत कुणी नसताना त्यांनी नोंदवही काढली. त्या पानावर पाच पायऱ्या छापलेल्या असायच्या आणि प्रत्येकीसमोर एक चौकोन. कुपी फिरवली, बरोबर. द्रव घातलं, बरोबर. अल्ब्युमिन, चौकोन रिकामा. वाटणी केली, बरोबर. गोठवलं, बरोबर.

"मी त्या चौकोनाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे," ताई मला पुढे म्हणाल्या. "मग म्हटलं, चोवीस वर्षं मी कधी विसरले नाही. बाटली काढली होती म्हणजे घातलंच असणार. खूण तेवढी राहिली असणार. आणि केली खूण. हात थरथरलासुद्धा नाही हो. त्याचंच मला जास्त वाटतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकून ठेवणाऱ्याचा हात किती दुखतो ते कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. वादळानं उबेचं कपाट आतून पुसून काढलं. कपाटातला वायू मोजला. पाणी शुद्ध करणारं यंत्र तपासलं, जंतू लागलेत का पाहिलं. मॅडमनी सगळ्यांना बसवून एकेक गोष्ट विचारली. वाढघटकाचा विषय निघाला तेव्हा वादळ म्हणाली, "नवी कुपी आहे, मॅडम. त्यात अल्ब्युमिन आपलं आपण घालायचं असतं. तेच तर नाही ना..."

मॅडमनी वही उघडली, पानावर बोट ठेवलं. "ताईंनी घातलंय. ही खूण. पुढचं बघा."

ताई समोरच बसल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं. सगळे आपल्याकडेच बघतायत असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात कुणी बघितलंही नाही, आणि हेच त्यांच्या जिव्हारी लागलं.  मग बैठक पुढे सरकली आणि बोलायची वेळ निघून गेली.

यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की खरं-खोटं करायला दोन मिनिटं पुरली असती. विभागात एक तपकिरी रंगाचं द्रव असतं. प्रथिन भेटलं की ते निळं होतं. वाढघटकाच्या एवढ्याशा मात्रेला ते दाद देत नाही, पण अल्ब्युमिन असलं तर निळंशार. म्हणजे एक नळी काढायची, एक थेंब टाकायचा, बस्स. ती बाटली ताईंच्या टेबलापासून सहा पावलांवर फळीवर होती. आठ दिवस त्या तिच्यावरून ये-जा करत राहिल्या. निळं झालं तर सुटका होती. पण तपकिरीच राहिलं तर? मग ती नुसती कामातली चूक उरत नव्हती. तो आईचा झगा होता.

घरीही त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. यजमानांनी विचारलं, "अगं, काय झालंय? तीनदा तोच डबा घासलास."

"तीनदा?" ताईंनी डबा खाली ठेवला. "खरंच तीनदा?"

"म्हणजे... दोनदा असेल. मी काय मोजत बसलो होतो का?"

"नाही, नीट सांगा. दोनदा की तीनदा?"

 एरवी बोलायला कमी न पडणारा तो माणूस त्या दिवशी काही तोडगा न सुचवता फडकं घेऊन भांडी पुसायला लागला. ताई म्हणतात, त्या क्षणी त्यांना कळलं की तोही मनातून घाबरलाय आणि बरेच दिवस घाबरलाय.

इकडे वादळाचा आवाज जिन्यातून येईनासा झाला. ती स्वतःच्याच हातांवर शंका घ्यायला लागली होती. रोज वेगळ्या हातमोज्यांनी काम करून बघायची. एकदा भांडारात हातमोजे मागायला आली तेव्हा मला म्हणाली, "काका, मी बहुतेक या कामाची नाहीच. चार वर्षं उगाच काढली." मी आपलं काहीतरी बोललो. मला तरी काय माहीत? काखेत कळसा अन् गावाला वळसा चालला होता, आणि कळसा कुणाच्या काखेत आहे हे एकट्या ताईंना ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, ताई कामावर आल्या तर वादळ नायट्रोजनच्या टाकीपाशी उभी. जाड निळे हातमोजे, तोंडावर ढाल. टाकीच्या तोंडातून कातडी भाजेल इतकी गार, पांढरी वाफ सांडत होती.

"काय करतेस?"

"शेवटच्या दोन नळ्या काढते, ताई. बाटल्या आता काही खऱ्या नाहीत. नव्यानं सुरू करते. कपाट धुतलंय, पाणी बदललंय. आता तरी वाढतील."

"कोणत्या द्रवात वाढवणार?"

"नेहमीच्याच. वाढघटकाची नळी काढून ठेवलीय बघा, वितळायला."

टेबलावर बर्फात ती चिमुकली नळी होती. ताईंच्या अक्षरातली तारीख.

आता मात्र पळवाट उरली नव्हती. त्या दोन नळ्या या द्रवात पडल्या की संपलं. त्या डोळ्याचं जगात काही शिल्लक राहिलं नसतं. ताईंनी पुढे होऊन टाकीच्या झाकणावर हात ठेवला.

"थांब. बंद कर हे."

"ताई, वाफ! हात भाजेल तुमचा!"

"भाजू दे. आधी बंद कर. मला काहीतरी सांगायचंय, आणि आत्ता नाही सांगितलं तर मी परत सांगणार नाही."

वादळानं झाकण लावलं. ताईंनी सांगितलं. फोन, बाटली, कोरी पाटी, आणि नंतर केलेली खूण. 

 वादळानं ढाल काढली, फळीवरची रंगाची बाटली घेतली आणि टेबलावर तीन खळग्यांची तबकडी ठेवली. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात अल्ब्युमिन, तिसऱ्यात ताईंच्या नळीतला थेंब. तिन्हींत रंग. दोघी वाकून बघत राहिल्या. पाण्याचं तपकिरी राहिलं. अल्ब्युमिनचं बघता बघता निळं झालं. तिसरं तपकिरी. पाच मिनिटं थांबल्या. तपकिरीच.

"अकरा दिवस, ताई," वादळ हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज ताईंनी कधी ऐकलाच नव्हता. "अकरा दिवस मी माझ्या हातांना शिव्या देतेय. तुम्ही रोज समोर बसून मला डबा उघडून देत होता."

आणि ती निघून गेली. या वेळी दार आपटलं नाही.

ताई तशाच मॅडमच्या खोलीत गेल्या. वही बरोबर नेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अल्ब्युमिन राहिलं, त्याचं मी काही म्हणत नाही. आई हरवली होती तुमची. माझ्याकडून तर कुपीच फुटली असती. पण ही खूण, ताई." त्यांनी पानावर बोट ठेवलं, बैठकीत ठेवलं होतं तिथेच. "या खुणेवर मी तो विषय मिटवला होता. उद्या मी कशावर विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका," ताई म्हणाल्या. "निदान काही दिवस तरी ठेवू नका."

मॅडमनी त्यांच्यापुढे पेन सरकवलं. ताईंनी ती खूण एका रेघेनं खोडली, वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'अल्ब्युमिन घातलेलं नव्हतं. खूण नंतर केली होती, ती चूक माझी.' तारीख घातली, सही केली. आणि ठरलं की सहा महिने ताईंची एकटीची सही चालणार नाही. प्रत्येक पायरीला दुसरं माणूस शेजारी लागेल. ज्या बाईनं निम्म्या संस्थेला काम शिकवलं, तिच्यावर ही वेळ आली. विभागात कुजबुज झाली ती झालीच. भिंतींना कान असतात आणि आमच्या संस्थेतल्या भिंतींना तोंडही होतं.

तिथून ताई थेट माझ्याकडे आल्या. डोळे लाल, पण बोलणं सरळ.

"भांडारवाले, हाच वाढघटक आणखी कुठल्या विभागानं मागवला होता? जुना, अल्ब्युमिनवाला."

मी वह्या चाळल्या. पलीकडच्या इमारतीत हाडांवर काम करणाऱ्या गटानं आठ महिन्यांपूर्वी घेतला होता. फोन केला. त्यांच्याकडे दोन नळ्या शिल्लक निघाल्या. ताई स्वतः बर्फाचा डबा घेऊन गेल्या आणि आल्या. चालता चालता नळ्या वितळतील या भीतीनं त्या बुटक्या बाई इतक्या झपाझप चालल्या की पहारेकरी उठून उभा राहिला.

तीन बाटल्यांपैकी दोन गेल्याच. तिसरीच्या एका कोपऱ्यात पेशींचा एक पुंजका अजून धरून होता. त्याला जुन्या नळीतला वाढघटक घातलेलं द्रव दिलं. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. ताईंची जेवणावरची वासना उडाली होती. तिसऱ्या दिवशी वादळानं सूक्ष्मदर्शकात पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि ताईंना जागा करून दिली. पुंजक्याच्या कडेनं नव्या पेशी बसू लागल्या होत्या, एकीला एक लागून.

वादळ त्यांच्याशी नऊ दिवस कामापलीकडे बोलली नाही. ताईंनी तिची समजूत घातली नाही, माफीही दुसऱ्यांदा मागितली नाही. "तिचा राग खरा होता," त्या म्हणायच्या. "खऱ्या रागाला मध्ये मध्ये टोकू नये." तीन आठवड्यांनी दुसरी कुपी आली. त्या सकाळी ताई बसल्या तेव्हा वादळच स्टूल ओढून शेजारी येऊन बसली.

"मी एकेक वाचते. तुम्ही केलं की 'हो' म्हणायचं. आणि फोन माझ्याकडे द्या."

"दादाचा आला तर?"

"मी बोलेन दादांशी. माझा आवाज ऐकून आई आपणहून घरी येतील."

ताईंना हसू फुटलं आणि लगेच डोळेही भरले. हातमोजे घातलेले, त्यामुळे पुसता येईना. वादळानं बाहीनं पुसले.

पण ताईंची खरी परीक्षा विभागात नव्हतीच. यजमान त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ताई तीन वेळा नाही म्हणाल्या होत्या. चौथ्यांदा ते म्हणाले, "अगं, लिफ्ट अडकली तर मी आधी उघडून बघतो. न बघता वर बसून अंदाज करत नाही." ताई उठून चपला घालू लागल्या.

डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले. मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि ते पाच शब्द परत विचारले. ताईंना चार आठवले. पाचवा येईना. त्या खुर्चीची कड घट्ट धरून बसल्या. डॉक्टर म्हणाले, "चार चांगले आहेत." ताईंनी विचारलं, "पण पाचवा?" तपासण्या झाल्या, यंत्रानं मेंदूची चित्रं काढली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आज तरी आजार दिसत नाही. काळजीनं, अपुऱ्या झोपेनंही असं होतं. पुढचं मात्र आज कुणीच सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी या.

'आज तरी' या दोन शब्दांवर ताई पुढे जगल्या. सहा महिन्यांनी पाचही आठवले. त्याच्या पुढच्या खेपेला चार. मग पाच. यजमान त्याचा हिशेब क्रिकेटच्या धावांसारखा ठेवायचे. ताईंना ते आवडायचं नाही, पण थांबवतही नव्हत्या.

सहा महिने संपले तेव्हा मॅडमनी बोलावून सांगितलं की आता सही एकटीची चालेल. ताई म्हणाल्या, "नको. दोघींचीच राहू दे. माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठीच." तेव्हापासून त्या विभागात कुपी उघडताना दोघं बसतात, एक वाचतो, एक करतो. नवी पोरं कुरकुरतात की यात वेळ जातो. वादळ आता दुसरीकडे शिकवते. तिचं काम ठरल्यापेक्षा दोन-अडीच महिने उशिरा संपलं, आणि त्याबद्दल ती ताईंना अजून ऐकवते, हसत हसत, पण ऐकवते.

ताई तीन वर्षांनी निवृत्त झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची आई गेली. शेवटी शेवटी ती कुणालाच ओळखत नव्हती. ताईंचा हात मात्र धरून ठेवायची आणि बोटं चाचपायची, कापड किती जाड आहे ते बघावं तशी.

मीही आता घरीच असतो. मागच्या महिन्यात ताईंचा फोन आला. नात झाल्याचं सांगायला. सगळं सांगून झाल्यावर जरा थांबल्या.

"भांडारवाले, मी हे परवाच सांगितलं होतं का हो तुम्हाला?"

"नाही ताई. आत्ताच सांगताय."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोनवरच कुणाला तरी सांगितल्याचा आवाज आला, "अहो, नाही म्हणतायत." मग वजन किती, नाक कोणावर गेलंय, ते पुन्हा पहिल्यापासून सविस्तर सांगितलं.